परत आण म्हणायचं राहिलं

एसटीनं हॉर्न दिला आणि गुरवानं गाऱ्हाणं आटपतं घेतलं. माझं गाव सुटलं ते हे असं, अर्धवट.

मालगुंडच्या पुढे, समुद्रापासून जरा आत आमचं गाव. सकाळची गाडी देवळासमोरच्या पारापाशी वळायची. बाबांनी देवापुढे नारळ ठेवला होता आणि गुरव हात जोडून उभा होता. ज्यांनी कधी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं, चार माणसांच्या देखत, खडान्‌खडा सांगायचं. कोण, कुठं, कशासाठी, काय पाहिजे. एकेक वाक्य संपलं की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवाला न सांगता सगळं कळतं, हे शहरातल्या लोकांचं. आमच्या देवाला सांगावं लागतं. जे सांगितलं नाही ते मागितलंच नाही, असा हिशेब.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक सुनंदा आज मुंबैस नर्सिंग शिकायला जाते."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या वाटेवरचे काटेकुटे दूर कर, तिच्या हाताला यश दे, परक्या मुलखात चार माणसं जोडून दे."

"व्हय म्हाराजा."

"आणि जशी ही आज सुखरूप..."

इथं हॉर्न वाजला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "गुरवानू, तुमचा देव कुठं पळत नाय, माझी गाडी पळंल!" सगळे हसले. गुरव गडबडला, "सांभाळ म्हाराजा!" म्हणाला आणि नारळ फुटला.

आई खिडकीतून माझ्या मांडीवर आमसुलांची पुरचुंडी ठेवत म्हणाली, "परत आण म्हणायचं ऱ्हायलं गो."

मी काय केलं? काही नाही. मी खिडकीच्या काचेत बघून गालावरची पावडर सारखी करत होते. ती इतकी थापली होती की पिठाच्या गिरणीतून पळून आल्यासारखी दिसत असणार. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी आणि चेहऱ्यावर असा भाव की मुंबईतले सगळे आजारी माझ्यासाठीच ताटकळलेत. आत्ताच्या मला ती पोरगी कुठं भेटली तर आधी तिचं तोंड धुवीन, मग दोन लगावीन आणि मग आईकडे बघ म्हणेन.

हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. जे गावात राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे गाडीत बसले त्यांच्यासाठी.

मुंबईत पहिल्या आठवड्यातच माझं अर्धं डॉक्टरपण उतरलं. वॉर्डात एका पाळीची नर्स घरी जाताना दुसऱ्या पाळीच्या नर्सला एकेका पेशंटची हकीकत सांगते. आम्ही त्याला 'ओव्हर देणं' म्हणतो. मला तर ते घरचंच वाटलं. एक बाई उभी राहून सांगते, बाकीच्या हात बांधून ऐकतात. पहिलं वाक्य संपलं आणि माझ्या तोंडून सवयीनं, चांगलं खणखणीत, बाहेर पडलं, "व्हय म्हाराजा!"

सगळा वॉर्ड हसला. पेशंटसुद्धा. ज्याच्या पोटाला टाके होते तो पोट धरून. तेव्हापासून माझं नाव 'महाराजा' पडलं, ते रिटायर होईपर्यंत टिकलं. मला मात्र त्यात मोठेपणाच वाटला. पुढच्या ओव्हरला मी तोंडातल्या तोंडात का होईना, पण दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होते. त्या नादात एका बाईला ऑपरेशनपूर्वी काही प्यायला द्यायचं नाही, या वाक्यालाही म्हटलं, आणि थोड्या वेळानं तिला मायेनं कपभर चहा नेऊन दिला. वर दोन बटरं.

आमच्या इन्चार्ज स्टेला सिस्टर, मंगळूरच्या. त्यांनी कप बाईच्या ओठापासून हिसकावून घेतला. ओरडल्या नाहीत. मला बाजूला घेऊन त्यांच्या मंगळुरी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "हो म्हणू नको. काय ऐकलंस ते मला परत सांग." त्या दिवसापासून ओव्हर घेताना मी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवायला लागले. नवीन पोरी आल्या की त्यांनाही तेच लावलं. किती वेळा चुका व्हायच्या राहिल्या ते मोजलं नाही. न झालेली चूक मोजायची तरी कशी? आता म्हणे तेही मोजायचं शास्त्र आहे, आणि ते माझी नातच शिकते आहे. तिच्याकडे येतेच.

आधी मधली वर्षं उरकून टाकते, कारण ती तशीच उरकली. लग्न, डोंबिवलीत दोन खोल्या, एक मुलगा, नवऱ्याची पेन्शन, माझी पेन्शन, मग एकटीची पेन्शन. गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचे. दर वेळी आई भाकरी थापता थापता म्हणायची, "त्या एसटीनं घात केलान. नायतर तू परत आली असतीस." मी हसायचे. म्हणायचे, आई, देव काय एसटीच्या टायमावर चालतो? ती तव्यावरची भाकरी उलटायची. ती गेली त्या दिवशी वॉर्डात तिघींच्या जागी मी एकटीच होते. निरोप आला, पण माझ्याकडून ओव्हर घ्यायला कोणी येईना. मी पोचले तोवर अंगणात आईनं केळीला टांगून ठेवलेली पालेभाजीची जुडी तशीच होती, सुकून गेलेली. एवढंच आठवतं.

आता मुक्ता. माझ्या मुलाची मुलगी, डोंबिवलीत वाढलेली, नर्सिंगमध्ये एमएस्सी करणारी. तिनं शोधप्रबंधाचा विषय घेतला, हॉस्पिटलमधली पेशंटची सुरक्षितता आणि नर्सेस नोकरीत का टिकत नाहीत. आणि त्यासाठी निवडलं काय, तर रत्नागिरी. तिथल्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी धरली. "आजी, तुझ्या गावाकडे चाललेय," म्हणाली. मी म्हटलं, एकटी काय खाशील, मी येते. खरं सांगायचं तर ते निमित्त होतं. मला वाटलं, आपण परत चाललो. देवाच्या कानावर नव्हतं घातलं तरी चाललो.

कुठलं परत. मिरकरवाड्याच्या मासळी बंदराच्या वरच्या अंगाला तिसऱ्या मजल्यावर भाड्याची जागा. खालून बर्फाच्या गाड्या पाणी गाळत जातात, वाऱ्याची दिशा बदलली की सुकटीचा वास थेट देवघरात. भाजीवाली मला "मुंबईच्या आजी" म्हणते. मी गावच्या भाषेत भाव करायला गेले तर म्हणाली, "छान बोलता हो आमचं." गावच्या घरी गेले तर भाचेसून पाण्याचा तांब्या नि गुळाचा खडा घेऊन दारात उभी, पावण्यांना देतात तसा. मी तो गूळ खाल्ला. कडू लागला असं नाही म्हणणार, गूळ तो गूळच. पण ज्या घरात मी गुळाचा डबा चोरून उघडायचे तिथं तो मला बशीतून मिळाला.

मुक्ताचं काम मात्र अडलं. तिनं वॉर्डातल्या मुलींना प्रश्नावली दिली. कामाचा ताण वाटतो का? नोकरी सोडावीशी वाटते का? एकूण एक मुलीनं खूण केली, 'समाधानी'. आणि त्याच महिन्यात त्यातल्या दोघी सोडून गेल्या.

"आजी, या खोटं का लिहितात?"

"खोटं कुठं? कोकणातला माणूस तापानं फणफणला असला तरी विचारल्यावर 'बरं हाय' म्हणतो. परक्याला सांगत नाही कोणी."

"मग कोणाला सांगतात?"

आणि इथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. सत्तरी ओलांडली तरी ही खोड जात नाही. एका रविवारी दुपारी मी सुट्टीवरच्या मुलींना जेवायला बोलावलं. कोळंबीचं सार, भात, सोलकढी. पाच-सहाजणी आल्या. त्यात शीतल होती, चिपळूणची, वॉर्डातली सगळ्यात जाणती. बाकीच्या नवख्या, कोर्स संपून नुकत्या लागलेल्या. शीतल आहे म्हणून वॉर्ड उभा आहे असं मुक्ता म्हणायची, आणि शीतलनं मस्कतच्या नोकरीसाठी कागद केलेत अशी कुजबूज होती. ती गेली तर त्या पोरींना विचारायला माणूस उरणार नव्हतं. मुक्ताची झोप उडाली होती ती प्रबंधामुळे नव्हे, यामुळे.

जेवणं झाल्यावर मी हातात नारळ घेतला आणि पदर खोचून देवापुढे उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकी आज पोटभर जेवल्या."

पोरी खिदळत ओरडल्या, "व्हय म्हाराजा!" रक्तात असतं ते.

"ह्यांच्या सुपरवायझर बाईंना जरा हसू दे."

"व्हय म्हाराजा!!"

"ड्युटी संपायच्या वेळेला ॲडमिशन पाठवू नको."

आता छपराला आवाज लागला. मग मी म्हटलं, माझं झालं, आता ज्याचं त्यानं सांगा. एकेक उभी राहिली. पहिलीनं थट्टेत सुरुवात केली, दुसरीची थट्टा अर्ध्यावर संपली. पाय सुजतात म्हाराजा. जेवायला बसलं की बेल वाजते म्हाराजा. एका वेळी दोन वॉर्ड बघायला लावतात, आणि नातेवाईक शिव्या देतात त्या मी एकटीच खाते म्हाराजा. प्रत्येकीला बाकीच्यांचा "व्हय" होताच, पण तो हळू होत चालला होता. मी मात्र मनातून फुलले होते. नातीला जे महिनोन्‌महिने जमलं नाही ते आपण सोलकढीच्या वाटीवर केलं! मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलंच नाही. बघा, एवढं वय झालं तरी मी अजून काचेत पावडरच बघत होते.

शेवटी शीतल उठली.

"बा देवा म्हाराजा, मागच्या महिन्यात मिरकरवाड्याच्या एका आजोबांना मी इन्सुलिनची दुसरी सुई देणार होते. पहिली आधीच्या पाळीत देऊन झाली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं, कागदावर नव्हतं. मी सिरिंज भरली, बाही वर केली. आजोबाच म्हणाले, 'पोरी, आत्ताच तर टोचलीन ना तिनं.' ते झोपलेले असते तर?"

कोणी "व्हय" म्हटलं नाही.

कोपऱ्यात बसलेली नेहा, सगळ्यात लहान, एकदम म्हणाली, "आधीच्या पाळीला मी होते." आणि रडायला लागली. तिला आजवर माहीतच नव्हतं. तिचं गाव लांब, संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर रात्र स्टँडवर. त्या दिवशी शीतल दोन वॉर्डांत पळत होती, ओव्हर घ्यायला उशिरा आली. गाडीची वेळ झाली होती. नेहानं सांगता सांगता बाकीचं आटपतं घेतलं.

माझ्या हातातला नारळ मी खाली ठेवला. फोडला नाही.

पोरी गेल्यावर मुक्ता माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आजी, संशोधनात आधी विचारावं लागतं की तुमचं बोलणं वापरू का. ह्या तुझ्या देवाशी बोलल्या, माझ्याशी नाही. यातला शब्द मला लिहिता येत नाही. आणि शीतल काय म्हणाली ते मला आता विसरताही येत नाही. हॉस्पिटलला कळलं तर आधी नेहाला काढतील. मग एक माणूस अजून कमी. मी काय करू सांग."

मी भांडी घासली.

मग तिनं एकेकीला गाठून विचारलं. नाव येणार नाही, हॉस्पिटल ओळखू येणार नाही, तरीही नको असेल तर नको. नेहा म्हणाली नको. बाकीच्या म्हणाल्या बघू, म्हणजे नको. शीतल म्हणाली, "लिहा ताई. पण मी राजीनामा दिल्यावर."

मुक्ता घरी येऊन जमिनीवरच बसली. "जी जाते तीच खरं बोलते, आणि जी राहते तिला गप्प बसावं लागतं. आजी, हेच माझं उत्तर असेल का गं?"

मी शीतलला एकटीला बोलावलं. घावणे केले, चटणी केली, आणि ठेवणीतलं भाषण काढलं. आमच्या काळी आम्हीही सोसलं, पण वॉर्ड सोडला नाही, ह्या पोरी तुझ्या तोंडाकडे बघतात, वगैरे. तिनं घावणा संपवला, बोटं चाटली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या काळी तुम्ही तरी कुठं थांबलात? रत्नागिरीच्या पेशंटना सोडून मुंबईला पळालातच ना?"

मला हसूच आलं. जिभेला धार असलेली पोरगी मला आवडते.

"राहिलेही असते मी," ती मग हळू म्हणाली. "पगारापायी नाही चालले. सोबत दुसरी असती ना, तर राहिले असते. रोज घरी जाताना वाटतं, आज काहीतरी सांगायचं राहिलंय. जेवताना वाटतं, आंघोळीला वाटतं. सुट्टीच्या दिवशी पण वाटतं. तुम्हाला व्हायचं असं?"

मला अजून होतं, हे मी तिला सांगितलं नाही. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी संध्याकाळी दिवा लावताना दचकायला होतं, कुणाचं तरी काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून.

निघताना दारात चपला घालत तिनं मागितलं. "आजी, मी जाईन तेव्हा गाऱ्हाणं घाला. पण नीट घाला. अर्धवट नको." माझी एसटीची गोष्ट मुक्तानं तिला सांगितली असणार.

शीतलची गाडी दुपारची होती. चिपळूणला आईबापांना भेटून पुढं मुंबईहून ती मस्कतचं विमान गाठणार होती. स्टेशनवर वॉर्डातली एकच मुलगी येऊ शकली, नेहा. शीतलची जागा भरलेली नव्हती, म्हणून मुक्तासकट बाकीच्या सगळ्या तिच्याच पाळीला अडकल्या होत्या. नेहा सकाळची ड्युटी करून युनिफॉर्मवरच रिक्षानं आली होती आणि परत दुपारच्या ड्युटीला जाणार होती.

प्लॅटफॉर्मवर उभी राहून मी हात जोडले. दोन हमाल आणि एक चहावाला बघायला थांबले. थांबू देत.

"बा देवा म्हाराजा, ही चिपळूणची शीतल, समुद्रापलीकडे कामाला जाते. तिच्या हाताला यश दे. तिला जेवायला सवड दे. तिची चूक होण्याआधी तिला कोणीतरी टोकणारं भेटू दे. तिच्या आईबापाला सांभाळ. तिचे पाय सुजू देऊ नको."

"व्हय म्हाराजा," नेहा म्हणत होती. चहावालाही म्हणत होता.

गाडी आली. शीतल दारात चढली, दांडा धरून उभी राहिली. मी थांबले नव्हते. एकेक नाव घेऊन सांगत होते, आणि मग ते वाक्य आलं. आईनं जन्मभर ज्याच्यासाठी एसटीला शिव्या दिल्या ते. जिभेवर आलं आणि मला दिसलं ते असं, की ही परत आली तर परत त्याच वॉर्डात, एकटी, दोन वॉर्डांच्या मधल्या जागेत पळते आहे. देवाला सांगायचं ते कोणत्या तोंडानं?

गाडीनं हॉर्न दिला. मी आटपतं घेतलं नाही.

"म्हाराजा, हिला परत आण असं मी सांगत नाही. इथं वॉर्डात जी उभी असेल, तिच्या सोबत दुसरी कोणीतरी असू दे. एवढं झालं तर ज्याला यायचं तो येईल."

गाडी हलली. चहावाला सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणाला. नेहा म्हणाली नाही. तिनं माझ्याकडे बघून, ओव्हर घेताना आम्ही म्हणायचो तसं, स्पष्ट म्हटलं, "जी उभी असेल तिच्या सोबत दुसरी कोणीतरी असू दे." स्टेला सिस्टरांची गोष्ट मी तिला कधी सांगितली आठवत नाही. मुक्तानं शिकवलं असेल.

मग ती घड्याळ बघून धावत सुटली. एकटीच.

शीतलचं बोलणं आता मुक्ताच्या प्रबंधात आहे, नावाशिवाय. ते वाचून कोणी काही करेल का, मला माहीत नाही. मुक्तालाही आयर्लंडहून नोकरीची विचारणा आली आहे. जायचं की नाही ते ती अजून बोलली नाही आणि मी विचारत नाही. विचारलं तर 'बरं हाय' म्हणेल.

घर कुठलं, असं तुम्ही राहिलेले आणि गेलेले दोघंही मला विचारता. मालगुंडच्या पुढचं की डोंबिवलीचं की हे तिसऱ्या मजल्यावरचं? मला आता जागा सांगता येत नाही. जिथं आपलं बोलणं संपेपर्यंत कोणी हॉर्न देत नाही आणि संपल्यावर कोणीतरी ते परत म्हणून दाखवतं, तेवढं घर. ते मला आयुष्यात वॉर्डाच्या दारात बरेचदा मिळालं. गावात फार थोडं. आईपाशी होतं, तर तेव्हा मी काचेत बघत होते.

काल संध्याकाळी दिवा लावला. खालून बर्फाची गाडी गेली. नेहाचा फोन आला, दारात उभी राहून करत होती, मागे वॉर्डाचा गलका. "आजी, माझी शेवटची एसटी गेली. पण ओव्हर पुरती देऊन निघाले."

"मग आता झोपणार कुठं?"

"तेच विचारायला फोन केला."

मी तिच्यासाठी अंथरूण घातलं, आणि भाताला मूठभर तांदूळ वाढवले.